वेलचीच्या मागावर

फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या एजवेअरच्या भाजीवाल्याकडे भेंडी निवडत होते. विलासच्या घरचा नंबर दिसला आणि हातातली भेंडी मी परत टोपलीत टाकली. "ताई, हे गेले," संगीता म्हणाली. एवढंच. पलीकडे कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं, किटलीचा आवाज येत होता... त्याच्या आजाराचं नाव दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. तरी मी दुकानाच्या दारात उभी राहून वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" विलासकडून या प्रश्नाला एके काळी मला रोज उत्तर मिळायचं, म्हणून असेल. संगीताला मात्र ते ऐकू गेलं नसावं.

त्याला जाऊन आता सहा आठवडे होतील. विलास गजभिये मूळचा नागपूरचा. वॉटफर्डच्या एका कंपनीत आम्ही शेजारच्या टेबलांवर बसायचो. मी पुण्याहून नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, दोन लहान मुलांना स्टॅनमोरच्या नर्सरीत घालून पुन्हा नोकरीला लागलेली. तो टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे त्याचं काम, आणि ते तो इतक्या शांतपणे करायचा की ज्याची चूक निघायची त्यालाही राग यायचा नाही. नवीन सॉफ्टवेअर रिलीज झालं की ऑफिसातले सगळे पबमध्ये जायचे, हा मात्र स्क्रीनसमोर बसून राहायचा. "चल ना," म्हटलं तर म्हणायचा, "रिलीज झालं म्हणजे आता खरं टेस्टिंग सुरू झालं." तो दारू प्यायचा नाही, हे मला पुढे त्याच्या घरी पौर्णिमेच्या बुद्धवंदनेला जायला लागल्यावर कळलं. पण पबमध्ये न येण्याचं खरं कारण त्याने सांगितलेलंच होतं.

एका डिसेंबरात तो संगीताला आणि छोट्या आर्याला घेऊन नॉरफोकच्या किनाऱ्यावर गेला होता. आदल्या दिवशी वादळ होऊन गेलेलं. समुद्राच्या भिंतीखाली त्यांना सील या समुद्री प्राण्याचं एक पिल्लू दिसलं, बरगड्या मोजता येतील इतकं वाळलेलं, एक डोळा चिकटलेला. तिथल्या फलकावरच्या नंबरावर फोन करून, सील हॉस्पिटलची गाडी येईपर्यंत दोन तास हा माणूस त्या वाऱ्यात कुत्री हाकलत उभा राहिला. गोष्ट तिथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या शनिवारी तो पिल्लाचं काय झालं ते पाहायला ट्रेन आणि बस बदलत पुन्हा तिथे गेला, आणि त्याच्या पुढच्या शनिवारीही. मग एका सोमवारी त्याने मला विचारलं, "तुझ्याकडे गाडी आहे ना?" त्याला गाडी चालवता येत नव्हती.

अशी मी त्या सील हॉस्पिटलात ओढली गेले. हॉस्पिटल कसलं, जुनं धान्याचं कोठार होतं ते, मासळीच्या आणि जंतुनाशकाच्या वासाने भरलेलं. जॅनेट नावाच्या एक निवृत्त नर्सबाई ते चालवत. त्या हिवाळ्यात आलेल्या पिल्लांना त्यांनी मसाल्यांची नावं द्यायची ठरवलं होतं. लवंग, जायफळ, जिरं, सगळं इंग्रजीत. विलासने आपल्या पिल्लाला मराठीत नाव दिलं, वेलची. जॅनेटबाई "वेल्चीऽ" अशी शेवटी हाक लांबवायच्या. सुरुवातीला नळीने माशांची पेज, मग हाताने एकेक हेरिंग मासा, मग टाकीत सोडलेला मासा पकडणं. विलास हे सगळं शिकला. डोक्यावर टॉवेल टाकून पिल्लाला कसं धरायचं, आपले हात त्याच्या जबड्यापासून लांब कसे ठेवायचे, हेही शिकला. सीलचा चावा वाईट. बोट सुजतं, सडतं, वेळेवर औषध नाही मिळालं तर काही खरं नाही.

एप्रिलमध्ये वेलचीला सोडायचं ठरलं. तिच्या मानेमागच्या केसांवर काड्यापेटीएवढा एक टॅग चिकटवला. ती पाण्यावर आली की तो उपग्रहाला सिग्नल द्यायचा, टॅग ओला आहे की कोरडा तेही कळवायचा. त्या आकड्यांचा नकाशा करणारं वेबपेज विलासने हॉस्पिटलला करून दिलं. सोडताना ती वाळूवरून घसरत पाण्यापर्यंत गेली, एकदा थांबली, आणि गेली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. विलास घड्याळात पाहत होता.

त्यानंतर रोज सकाळी ऑफिसात आल्या आल्या मी कोट काढायच्या आधी विचारायचे, "कुठे आहे?" आणि तो सांगायचा, काल इथे होती, आज उत्तरेला वीस मैल. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्याने नुसता स्क्रीन माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर सगळे ठिपके एकाच जागी गोळा झाले होते, किनाऱ्यापासून आत समुद्रात गेलेल्या वाळूच्या एका लांब पट्टीवर. दुसऱ्या दिवशीही तिथेच. आणि टॅग कोरडा, सलग दोन दिवस. सील विश्रांतीला वाळूवर येतं, पण दोन दिवस पाण्याला शिवणार नाही असं नाही होत. टॅग गळून पडला असेल, नाहीतर ती मेली असेल, नाहीतर कशात तरी अडकली असेल. जॅनेटबाईंना फोन केला, तर त्यांची माणसं दुसऱ्या टोकाला गेलेली, उद्या दुपारी बघू म्हणाल्या. विलासने फोन ठेवला आणि दोघांच्या सुट्टीचा अर्ज केला. मला न विचारता.

पहाटे निघून नऊला आम्ही किनाऱ्यावर पोचलो. वाळूच्या पट्टीवर जायचं तर आधी एक खाडी ओलांडावी लागते. ओहोटीला तिच्यात घोट्याएवढं पाणी असतं, पण भरती यायला लागली की ती मागून भरते आणि पुढच्या माणसाला पत्ताही लागत नाही. विलासकडे भरतीचं वेळापत्रक होतं. "बारापर्यंत परत यायचं. तोवर काही भीती नाही," तो म्हणाला. मी नवीन बूट घातले होते, चिखलात ते रुतायचे, दर दहा पावलांवर मी मागे पडत होते. तो पुढे जाऊन थांबायचा, घड्याळ पाहायचा.

सव्वाअकराला ती दिसली. वाळूत रुतलेल्या एका जुन्या लाकडी खांबापाशी पडली होती. मला वाटलं मेली. मग तिने डोकं उचललं. गळ्यात हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा आवळून बसला होता, त्याचं दुसरं टोक खांबाला पिळा पडून अडकलेलं, मध्ये जेमतेम हातभर मोकळं. सुटायच्या धडपडीत तिने भोवती वाळूचा खड्डा केला होता. गेले दोन दिवस भरती लहान होती, पाणी खांबापर्यंत आलंच नव्हतं. पण आता ती रोज वाढणार होती. खांबावर शेवाळाची जुनी रेघ होती. विलासने तिच्याकडे बोट दाखवलं. वेलचीच्या डोक्याच्या चांगली हातभर वर. आज दुपारी पाणी त्या रेघेपर्यंत आलं, तर ती बांधल्या जागी बुडून मरणार होती.

उंचवट्यावर चढून त्याने जॅनेटबाईंना फोन लावला. मला त्यांचा आवाज लांबूनही ऐकू येत होता. त्या दोन तासांच्या अंतरावर होत्या. हात लावू नका, ताबडतोब परत फिरा, हा माझा हुकूम आहे. विलासने "येस" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि सॅकमधून आंघोळीचा टॉवेल आणि स्वयंपाकघरातली कात्री काढली.

आपण परत जाऊ, मी म्हणाले. माझी मुलं लहान आहेत, मला पोहता येत नाही... ऑफिसात तो पुणेरी वळणाचं मराठी बोलायचा, पण ताण आला की नागपूर बाहेर यायचं. "मग तू जाय. मी येतो मागून," तो म्हणाला. मी चार पावलं गेलेही. मग पाहिलं तर तो एकटाच टॉवेल पसरून तिच्याभोवती फिरत होता, आणि ती फिस्कारत त्याच्याकडे तोंड वळवत होती. कापायला एक हात लागणार, धरायला दोन. मी परत आले.

मी तिच्या डोक्यावर टॉवेल दाबून धरला. टॉवेलखाली तिचा श्वास गरम लागत होता आणि तिचं सगळं अंग एखाद्या मोटारीसारखं थरथरत होतं. नायलॉन कातडीत इतकं रुतलं होतं की कात्रीचं टोक आत जाईना. मी ओरडले, "आधी खांबाकडचं काप! ती सुटेल, आपण पळू!"

"आणि गळ्यातलं?" तो मान वर न करता म्हणाला. "ती वाढंल तसं ते आत जाईल. महिनाभर मरत राहील. आता बांधलेली आहे म्हणून हाती आहे, अंजली. एकदा सुटली की संपलं."

एक धागा तुटला. मग दुसरा. बारा वाजायला बरीच मिनिटं होती, आणि तरी मागच्या वाळूवरून पाण्याची एक पातळ जीभ आमच्याकडे येताना मला दिसली. मी हात सैल केला की काय कोण जाणे, पण टॉवेल घसरला आणि तिने त्याचं बोट पकडलं. डाव्या हाताचं बोट तिच्या दातात, आणि उजव्या हाताने तो कापतच राहिला. शेवटचा धागा तुटला तशी ती सुटली, बोट सोडून पाण्याच्या दिशेने उड्या घेत निघाली. एकदासुद्धा मागे वळली नाही. आम्ही पळालो.

खाडी मांडीपर्यंत भरली होती, मध्यावर कमरेच्या वर. त्या पाण्याचा गारठा आठवला की अजून माझे दात वाजतात. त्याने रक्ताळलेल्या हाताने माझं मनगट धरलं होतं आणि तो मोठ्याने पावलं मोजत होता, "सत्तावीस, अठ्ठावीस, पाय घासत चाल, उचलू नको..." एकदा माझा पाय सुटला. पाणी तोंडात गेलं. मला वाटलं झालं, संपलं, आणि डोक्यात एकच विचार आला की आज मुलांना शाळेतून कोण आणणार. मग त्याने ओढलं आणि पायाला वाळू लागली.

दुपारी जॅनेटबाई आल्या. त्यांनी ना शाबासकी दिली ना जवळ घेतलं. त्याचा हात धुतला, बांधला, आणि मग दोघांना असं झापलं की तसं मला आईनेही कधी झापलं नव्हतं. विलासला तीन महिने किनाऱ्यावर बंदी. त्यांचं बरोबरच होतं. दोन कुटुंबं उघड्यावर पडली असती. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. रागापेक्षा लाज जास्त होती. माझ्या बुटांमुळे, माझ्या मागे पडण्यामुळे उशीर झाला आणि आम्ही मरता मरता वाचलो, असं मी धरून चालले होते, आणि पुढची चार वर्षं तसंच धरून चालले.

वेलची मात्र गेली. ठिपके पूर्वेला सरकत गेले, समुद्र ओलांडून हॉलंडच्या किनाऱ्याला लागले, हिवाळाभर तिथे घोटाळले. फेब्रुवारीत सिग्नल थांबला. त्या सुमारास सीलचे जुने केस झडतात, त्यांच्याबरोबर टॅगही जातो, हे आधीपासून माहीत होतं. तरी मी विचारलं, कशावरून? मेलीही असेल. "असेल," विलास म्हणाला. त्याचं बोट तेव्हा बरं झालं होतं, पण सरळ होत नसे. तो नऊ बोटांनी टाइप करायचा. "पण आता आपल्याला कळवायला ती बांधलेली नाही." महिनाभर तो रोज सकाळी ते पान उघडत राहिला, आणि एका सोमवारी त्याने ते बंद केलं.

विलासला शेवटचं भेटले ती वॉटफर्डच्या हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या पलंगावर. आवाज अगदी बारीक झाला होता. संगीता चहा आणायला खाली गेली तशी त्याने मला खुर्ची जवळ ओढायला सांगितलं.

"त्या दिवशी तुझ्यामुळे उशीर नव्हता झाला," तो म्हणाला. "उन्हाळ्यात इथे घड्याळं एक तास पुढे करतात, वेळापत्रकात तो तास आधीच धरलेला होता. मी तो आणखी एकदा वाढवला. बारा नाही, अकराला परतायला पाहिजे होतं. त्याच संध्याकाळी कळलं मला."

सगळ्या जगाच्या चुका शोधणारा माणूस! "चार वर्षं, विलास? मी बुटांना दोष देत होते. सांगायचं राहून गेलं?"

"राहून नाही गेलं," तो म्हणाला. "सांगितलं नाही. तू पुन्हा कधी माझ्यासोबत आली नसतीस."

मला इतका राग आला होता की मी उठून खिडकीशी गेले. खाली पार्किंगमध्ये एक बाई तिकिटाच्या मशीनशी झगडत होती. परत वळले तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. मी बसले आणि त्याचा हात हातात घेतला... क्षमा वगैरे काही बोलणं झालं नाही. चहा आला, आम्ही प्यायलो, त्याने दोन घोट घेतले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांचं वॉटफर्डचं घर माणसांनी भरून गेलं होतं. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, वंदना, मग जेवण. नागपूरहून त्याची बहीण आली होती. ती सांगत होती, भाऊ लहानपणापासून असाच. घरी आलेला पाहुणा निघाला की हा त्याच्या गावाच्या अंतराचा हिशोब करायचा, आणि घरात फोन बसल्यावर तर तेवढ्या वेळाने हटकून फोन लावायचा, पोचलात का म्हणून. मलाही तो फोन दर वेळी यायचा, आणि मला त्याचा कंटाळाही यायचा. संगीताला मिठी मारून मी निघाले. आर्या जिन्यावर बसली होती, आता सेकंडरी शाळेत जाणारी, उंच झालेली. नुसता तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बाहेर पडले.

घरी येऊन गाडी लावली, दार उघडलं, कोट अजून अंगातच होता, आणि फोन वाजला.

"मावशी?" आर्याचा आवाज. "तू पोचला का?"

तिचं मराठी असंच, बाई-पुरुष एक करणारं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून सुधारलं असतं.

"पोचले गं," मी म्हटलं. "पोचले मी. नीट पोचले."

"ओके," ती म्हणाली. "अजून तीन लोकांना फोन करायचा आहे. काकाला खूप वेळ लागेल, तो लेस्टरला राहतो." आणि तिने फोन ठेवला.