आधी कार्ड, मग फ्रान्स

लोकांचे देवाचे अनुभव वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. लिहिणारा शेवटी अगदी सुखी झालेला असतो. माझं तसं झालेलं नाही. दत्तगुरूंनी जे दिलं ते मी पदर पसरून घेतलं, पण माझ्याच हाताने जे घालवलं ते काही परत आलं नाही. नुसती कृपा सांगून बाकीचं झाकलं तर ते खोटं होईल, म्हणून दोन्ही सांगते.

आम्ही मूळचे नाशिकचे. सोळा वर्षांपूर्वी माझ्या नोकरीमुळे इथे अमेरिकेत, हर्नडनला आलो. व्हिसा माझा. माझे यजमान माझ्यामागे आले, नाशिकचं आपलं छोटं वर्कशॉप विकून. पहिली कितीतरी वर्षं यांना इथे काम करायची परवानगीच नव्हती. मुलीला शाळेत सोडायचं, घरचं बघायचं आणि उरलेला वेळ सायकलवर. पुढे परवानगी मिळाली तेव्हा हे एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात आठवड्यातून तीन दिवस जायला लागले. काळे हात घेऊन गुणगुणत घरी यायचे. आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "काकू, काका काय करतात?" की मी सांगायची, "रिटेलमध्ये आहेत." हे शेजारीच उभे असायचे. तेव्हा मला त्या कामाची लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

यांना एकच वेड होतं, फ्रान्सचं. तिथे म्हणे जुन्या कालव्यांच्या काठाने, बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर सायकलींसाठी वाटा केल्या आहेत. बारीक खडीच्या, खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या, एकही मोटार नसलेल्या. यांनी दोनशे पानी वही भरून काढली होती. कुठल्या गावात पाणी मिळतं, कुठली बेकरी सोमवारी बंद असते, द्राक्षांच्या मळ्यातून वाट कुठे वळते, सगळं. मी चिडवायची, "नाशिकच्या माणसाने द्राक्षं बघायला फ्रान्सला जायचं? कमालच आहे!" त्यावर हे म्हणायचे, "अगं, आपल्याकडे द्राक्षांकडे बघत सायकल चालवलीस तर ट्रकखाली जाशील. तिथे मान वळवून बघता येतं."

पण आमचं ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, अडलेलं. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का कधीच संपलेला. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना वकिलातीत नवा शिक्का घ्यायचा, आणि तिथे अडकलो तर नोकरी, घर, मुलीचं कॉलेज, सगळंच टांगणीला. आमच्या ओळखीतले एकजण खरंच पाच महिने अडकले होते, त्यामुळे माझी भीती अगदीच खोटी नव्हती. मुलगी म्हणायची, "आई, जस्ट गो यार! इट विल बी फाइन." मी तिला गप्प करायची. आधी कार्ड, मग फ्रान्स, हा माझा मंत्र.

दर महिन्याला व्हिसाच्या तारखांचं पत्रक येतं. ग्रीन कार्डासाठी कुठल्या वर्षी अर्ज केलेल्यांचा नंबर लागला ते त्यात कळतं. त्या दिवशी मी दत्तांच्या तसबिरीपुढे दिवा लावायची, हात जोडायची आणि मगच लॅपटॉप उघडायची. तारीख दोन आठवडे पुढे सरकली की शिरा. मागे गेली की घर चिडीचूप. अकरा वर्षं मी देवापाशी बसून एक तारीख मागितली. मागे खुर्चीवर वही घेऊन बसलेल्या माणसासाठी काही मागावं, हे मला एकदाही सुचलं नाही. हातचं सोडून पळत्यापाठी लागणं म्हणतात ते हेच.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत गॅरेजमध्ये टायर बदलता बदलता हे खाली कोसळले. मेंदूचा झटका. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आणि बघा, पाच महिन्यांनी टपालाच्या साध्या पाकिटातून कार्डं आली! मी धावत जाऊन ती यांच्यासमोर धरली. यांनी एकवार बघितलं आणि मान खिडकीकडे फिरवली. त्या दिवसापासून यांनी माझ्या डोळ्यांत बघणंच सोडलं. थेरपीने "हो", "नाही", "पाणी" इतके शब्द परत आले. पण मी "चुकलं हो माझं" म्हटलं की हे डोळे मिटून घ्यायचे. विमानाचा लांबचा प्रवास आता नाही, दोन चाकांवरचा तोल तर नाहीच नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. मी दिवा लावायचा बंद केला. कोणासाठी लावायचा आणि काय म्हणून?

ऑक्टोबरमध्ये थेरपीवाली मुलगी म्हणाली, यांच्या आवडीच्या जागी घेऊन जा. इथून अर्ध्या तासावर नदीकाठी एक जुना कालवा आहे. पूर्वी त्यातल्या होड्या खेचरं दोराने ओढायची. त्या खेचरांची वाट आता पायी आणि सायकलने जाणाऱ्यांची झाली आहे, खडीची आणि मोटारींशिवायची. हे तिला "गरिबाचं फ्रान्स" म्हणायचे. मी यांना व्हीलचेअरवर बसवलं आणि निघाले. दीड मैलावर पाणी अडवायचे लाकडी दरवाजे आहेत, तिथे बसून हे डबा खायचे. तिथवर न्यायचंच, असा मी हट्टच धरला. पुढची छोटी चाकं खडीत रुतत होती तरी रेटत राहिले. दरवाजे दिसायला लागले आणि कडकन आवाज झाला. एक चाक मुळासकट तुटलं, खुर्ची कलली, हे एका अंगावर घसरले. मला काही केल्या यांना वर ओढता येईना. फोनला रेंज नाही, वाटेवर माणूस नाही. मी त्या खडीत फतकल मारून बसले आणि मोठ्याने रडले. दत्तांना नको नको ते बोलले. म्हटलं, अकरा वर्षं दिवे लावून घेतलेस ना रे, आता बघ तरी!

तेवढ्यात घंटी वाजली. एक पांढऱ्या दाढीचे आजोबा तीन चाकांच्या बुटक्या सायकलवरून येत होते. खुर्चीसारखं टेकून बसायचं आणि पाय पुढे पसरून पेडल मारायचं, अशी ती सायकल. मागे जोडलेल्या छोट्या गाड्यात एक म्हातारं तपकिरी कुत्रं बसलेलं. आजोबांनी आधी यांना सावरून धरलं. मग मला इंग्रजीत म्हणाले, "माझी पाठ काम देत नाही म्हणून ही सायकल. चालायला मी ठणठणीत आहे. यांना चालवता येईल का?"

"नाही, नाही," मी लगेच म्हटलं.

आजोबांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. यांच्यापुढे वाकले आणि विचारलं, "सर, तुम्ही चालवणार?"

हे म्हणाले, "हो."

इतकी वर्षं यांच्या वतीने उत्तरं मीच देत आले होते. आम्ही दोघांनी यांना उचलून सायकलवर बसवलं. आजोबांनी लुळा पाय पट्ट्याने पेडलला बांधला. चांगला पाय जोर लावायचा आणि दुसरा त्याच्यासोबत फिरायचा. आम्ही पार्किंगकडे परत निघालो, चाकांखाली खडी करकरायला लागली. मी मोडकी खुर्ची ओढत मागून चालत होते, आजोबा सीटला हात लावून, आणि कुत्रं गाड्यात निवांत. हे मान वळवून पाण्याकडे बघत होते. झाडं पिवळीधमक झाली होती.

पार्किंग दिसलं तशी माझी नेहमीची टकळी सुरू झाली. म्हटलं, "दमलात ना? आता घरी जाऊ. पुन्हा येऊ हं, पुढच्या आठवड्यात नक्की." यांनी ब्रेक दाबला. तीन महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. ओठ दोनदा हलले, आवाज फुटेना, मानेच्या शिरा ताणल्या. आणि मग शब्द आला.

"आत्ता."

आजोबांनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ते हसून म्हणाले, "मग जाऊ द्या की. मला आणि या कुत्र्याला कुठे घाई आहे?" आम्ही मोडकी खुर्ची तिथेच ठेवली आणि मागे वळून थेट लाकडी दरवाजांपर्यंत जाऊन आलो. यांना गाडीत बसवून पट्टा लावून मी वळले, तर आजोबा वळणापलीकडे गेलेलेसुद्धा. नाव विचारायचं राहूनच गेलं. ते कोण होते यावर मी काही म्हणणार नाही. दत्तांच्या पायाशी चार कुत्री असतात, इथे एकच होतं. पण घरी येऊन मी दिवा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मागता उठले.

आता आमच्याकडे तशीच एक जुनी तीनचाकी आहे, यांच्याच दुकानातल्या मित्रांनी शोधून दिलेली. मंडळात कोणी विचारलं तर मी सांगते, "हे सायकली दुरुस्त करायचे, हात फार चांगला होता." फ्रान्स आता होणार नाही. वही मी कधीतरी उघडते, सोमवारी बंद असणारी बेकरी वाचते आणि मिटून ठेवते. यांनी मला माफ केलं की नाही ते ठाऊक नाही. मी विचारणंही सोडलं आहे. माफी द्यायची तेव्हा देतील, नाही दिली तर तेही माझंच ओझं. देवापुढे हात जोडायचे म्हणजे आपली तारीख त्याच्या गळ्यात मारायची नसते, एवढं मात्र उशिरा का होईना कळलं.

पत्रकाच्या दिवसाचा गजर फोनवर अजून वाजतो, तो मी काढून टाकलेला नाही. मी दिवा लावते आणि पोळ्यांना लागते. स्वयंपाकघराच्या दारात यांची खुर्ची येऊन थांबते आणि यांचा तो एक शब्द येतो. तव्यावरची पोळी तेवढी मी उतरवते, गॅस बंद करते आणि पिठाच्या हातानेच गाडीची किल्ली घेते.