भिंतीवरचा ताईचा डोंगर

आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत, टीव्हीच्या वर, ताईने काढलेला एक फोटो आहे. आईच्या माहेरचा डोंगर. आईचं गाव तळकोकणात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. गावाच्या पूर्वेला हा डोंगर आडवा उभा आहे, त्यामुळे तिथे सूर्य उशिरा दिसतो. मामाच्या मुलीच्या लग्नाला ताई गेली होती, तेव्हा सकाळी एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने तिने मोबाईलवर हा फोटो काढला. मागे केशरी आभाळ, पुढे काळाकुट्ट डोंगर. बस, एवढंच. तो मोठा करून, फ्रेम करून तिने आईच्या वाढदिवसाला आणला, आणि तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो बघावाच लागतो.

मी फोटो काढण्याचंच काम करते. हिंदमाताला साड्यांचं एक मोठं दुकान आहे, त्यांच्या वेबसाइटसाठी मी साड्यांचे फोटो काढते. दुकानाच्या वर माळ्यासारखी जागा आहे, तिथे माझे दिवे, कॅमेरा, कॉम्प्युटर. काठ स्पष्ट हवा, पदर स्पष्ट हवा, जांभळा जांभळाच दिसायला हवा, नाहीतर गिऱ्हाईक साडी परत पाठवतं. इतकी वर्षं हे केल्यावर, अंधारात काही बुडालेलं मला बघवत नाही.

ताई बँकेत आहे. लग्न होऊन दादरला गेली. रविवारी येते, येताना आईच्या आवडीची मिठाई आणते, आणि आईचा चेहरा असा उजळतो की बघत राहावं. आई माझ्याजवळ राहते. तिचे गुडघे गेलेत, एकटीने जिना उतरणं बंद झालंय. गुडघ्यांना तेल मी लावते, डॉक्टरकडे मी नेते, रात्री ती हाक मारते तेव्हा मी उठते. हे मी मोजून दाखवत नाही. पण त्या भिंतीकडे बघितलं की मनातल्या मनात मोजायचे.

एकदा शेजारच्या काकू नवीन सुनेला घेऊन आल्या. आईने लगेच बोट वर केलं. "माज्या थोरल्या चेडवान काढल्यान हो. बघ गो, कसो दिसता आमचो डोंगर."

सून बिचारी कौतुकाने बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्हीपण फोटोग्राफर ना?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "ती साड्यांचे काढता."

आईने ते वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं. खरंच तर होतं. पण चहा ओतताना माझं लक्ष त्या भिंतीकडेच होतं, अर्धा चहा बशीत सांडला. कोणता डोंगर दिसत होता त्या फोटोत? ना झाडं, ना कडा, ना पाण्याची रेघ. एक काळा डाग. शंभर जणांनी मोबाईल धरला असता तर शंभर जणांना तसाच आला असता. आणि जिला फोटोतलं काही कळत नाही, तिचा भिंतीवर आणि मी साड्यांची!

त्याच आठवड्यात मी ठरवलं की हाच डोंगर मी काढणार. असा काढणार की त्याच्यावरचं गवतसुद्धा दिसेल.

त्यासाठी एक पद्धत असते, एचडीआर म्हणतात. सूर्य मागे असला की कॅमेऱ्याला आभाळ आणि डोंगर दोन्ही एकदम नीट पकडता येत नाहीत. म्हणून कॅमेरा जराही न हलवता एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे: एक नेहमीसारखा, एक मुद्दाम काळोखा, एक मुद्दाम उजळ. काळोख्यात आभाळ चांगलं येतं, उजळ्यात डोंगर. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकात एक मिसळायचे. मी वाचलं होतं बरंच, पण करून कधी बघितलं नव्हतं. साडीला त्याची गरज पडत नाही, तिथे दिवे माझ्या हातात असतात.

दिवाळीनंतर दुकानात गर्दी ओसरली तशी मी रजा काढली. ताईला सांगितलं, "मामाकडे जाऊन येते, तू दोन-तीन दिवस आईकडे राहा." कशासाठी जाते ते सांगितलं नाही. दुकानातला ट्रायपॉड घेतला आणि परळहून एसटी पकडली.

मामाला वाटलं, मी आराम करायला आलेय. पहाटे अंगणात ट्रायपॉड लावून उभी राहिले तर तो घोंगडी पांघरून बाहेर आला. "काय गो, मोजणी करतंस काय जमिनीची?"

"डोंगराचा फोटो काढायचाय मामा."

"तो ताईन काढल्यान मगे."

मी ट्रायपॉडचे स्क्रू आणखी आवळले.

पहिल्या सकाळी डोंगरावर ढग बसला तो उतरलाच नाही. दुसऱ्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. डोंगराची कड आधी पांढुरकी झाली, मग पिवळी, मग केशरी. पहिला फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर बघितला. तर तो हुबेहूब ताईचा फोटो. काळा डोंगर, केशरी आभाळ. माझ्या एवढ्या महागड्या कॅमेऱ्याने तिचाच फोटो काढून दिला होता. आणि खरं सांगते, तो सुंदर होता. त्याचा मला आणखी राग आला.

मग मी उजळ काढला, काळोखा काढला, पुन्हा पुन्हा काढत राहिले, सूर्य वर येईपर्यंत. नंतर मामीने आंबोळ्या पुढे ठेवल्या तरी माझं लक्ष लॅपटॉपमध्ये. तिन्ही मिसळले आणि जे दिसलं ते बघून रडू यायचं बाकी होतं. आभाळ जांभळं, डोंगर प्लास्टिकचा, कडेभोवती पांढरी झालर. वाऱ्याने हललेली माडाची झापं एकाच्या जागी तीन-तीन दिसत होती. मामी खांद्यावरून वाकून म्हणाली, "कॅलेंडरासारख्या झाला गो." तिने ते कौतुकानेच म्हटलं.

मुंबईला परत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी माळ्यावर बसून त्याच्याशी झगडत राहिले. रंग उतरवले. झालर पुसली. माडाचा भाग एकाच फोटोतून घेतला. डोंगर उजळला, पण सकाळ वाटावी इतकाच. हळूहळू एकेक गोष्ट वर आली. मधला कडा, त्याखालचा गवताचा पट्टा, झाडीतून उतरणारी ओढ्याची रेघ, पायवाट. बघता बघता मला वाटलं, हा आता ताईला बापजन्मात जमणार नाही. तिचा बाप तोच माझाही, हे नंतर लक्षात आलं आणि एकटीच हसले.

प्रिंट मी तिच्या फोटोपेक्षा थोडी मोठी काढून घेतली. मुद्दाम.

आणि मुद्दामच रविवारी दुपारी, ताई बसलेली असताना, आईच्या हातात दिली.

आईने चष्मा मागितला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हो खयचो डोंगर?"

माझ्या कानांतून वाफा निघाल्या असतील. ताई पटकन म्हणाली, "अगं आई, आपलाच. मामाकडचा." ती माझी बाजू घेत होती, तेही मला सहन होईना.

आईने फोटो खिडकीकडे धरला. तिचं बोट कडेवरून खाली उतरत गेलं आणि गवताच्या पट्ट्यावर थांबलं. "हंय मी लपान बसलंय होतंय," ती म्हणाली.

"कधी?" आम्ही दोघींनी एकदमच विचारलं.

"माका बघूक येतले होते, त्या दिसा. तुमच्या बापाशीकडची माणसां. मी सकाळीच चढलंय वर. बाबा खालसून हाका मारून दमले."

"मग?" ताईने विचारलं.

"मगे काय, भूक लागली. इलंय खाली."

आम्ही दोघी हसत सुटलो. ही गोष्ट तिने आम्हाला आजपर्यंत सांगितली नव्हती. मग ती थांबेचना. ओढ्यावर धुणं कुठे धुवायचे, लाकडं आणायला कुठल्या वाटेने जायचे, मैत्रिणीला साप दिसला ती जागा. प्रत्येक गोष्टीला बोट ठेवायला फोटोत जागा होती.

संध्याकाळी मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग आई, भिंतीवर कुठला लावायचा?"

"भिंतीर तो आसा मा," ती म्हणाली. "हो हंयच ऱ्हवांदे, माज्याकडे." आणि तिने माझा फोटो उशीजवळ, गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

मी स्वयंपाकाच्या ओट्याशी जाऊन भांडी जरा जोरातच आपटली. ताई मागोमाग आली. मला वाटलं, समजूत घालणार. तर ती म्हणाली, "मला तुझा फार हेवा वाटतोय आज."

मी वळून बघितलं. तिचे डोळे खरंच भरले होते.

"माझ्या फोटोला ती छान म्हणते आणि टीव्ही बघायला लागते," ताई म्हणाली. "तुझ्या फोटोतून ती एवढं बोलली. आणि उरलेलं ती मंगळवारी, बुधवारी बोलणार. तू असशील. मी काउंटरवर बसलेली असेन."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, "अगं, वेडी की काय," वगैरे म्हटलं. पण आतून इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. मी मनाने मोठी झाले आणि सगळं विसरले, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मला फक्त वाटलं, चला, हिलाही हेवा वाटतो तर.

जाताना तिने माझ्या फोटोची एक प्रत मागितली. मी करून दिली, तिने ती दादरच्या घरी हॉलमध्ये लावली. पुढच्या रविवारी आली तेव्हा सांगत होती, नवऱ्याच्या ऑफिसमधले लोक जेवायला आले होते, सगळे फोटोसमोर उभे राहिले, एकाने तर विचारलं, वहिनी, हा तुम्ही काढलात का?

"आणि तू काय सांगितलंस?"

"सांगितलं ना, बहिणीने काढलाय."

"लगेच सांगितलंस, की थोडं थांबून?"

ताई मिठाईचा बॉक्स उघडत होती. आईला पहिला तुकडा दिला, मला दुसरा दिला आणि बोटं चाटत म्हणाली, "थोडं थांबून."