मंडळी आमेन म्हणाली आणि मी पळालो

देवाची माफी मागून सांगतो, त्या रविवारी मी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने केलेलं चारचौघांत सांगायला, उभा राहिलो तो विश्वासाने नव्हे, फुशारकीने. हृदयात दोन स्टेंट घालून वर्ष झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हार्ट ठणठणीत आहे, हळूहळू पळायला लागा. पण त्या ठणठणीत हृदयाभोवती भीती ठाण मांडून बसली होती, तिचं काय? कोपऱ्यावर एकट्याने दूध आणायला जायची माझी हिंमत नव्हती. प्रार्थनाही एकच उरली होती, "प्रभो, आज नको." आणि असा मी भरल्या चर्चमध्ये बोलून गेलो, "देवाचे उपकार म्हणून पुढच्या महिन्यात मी दहा किलोमीटर धावणार!" बायको मागून शर्ट ओढत होती. पण तोवर सगळी मंडळी एका सुरात "आमेन" म्हणाली होती. आमच्यात एकदा आमेन पडलं की शब्द मागे घ्यायची सोय नाही.

महिनाभर सराव केला. मी पुढे पळायचो, बायको मागून स्कूटरवर यायची, माझी भीती आणि ती दोघी सोबत. शर्यतीच्या सकाळी मात्र रस्ते बंद, स्कूटरला मनाई. गर्दीच्या आधाराने पळत राहिलो, पण धरमपेठेत सातव्या किलोमीटरला एकटाच मागे पडलो, छाती धडधडली, हातपाय गार पडले. झालं, आलं बोलावणं! मी फुटपाथवर बसलो, डोळे मिटले आणि म्हणालो, प्रभो, एखादा देवदूत तरी पाठव रे.

"काहून बसले गा भाऊ?"

समोर सत्तरीची एक मावशी, कपाळावर ठसठशीत कुंकू. पायाशी सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, भलंमोठं गाठोडं.

"हार्टचा त्रास आहे," मी म्हणालो.

"मंग बसून राहिल्यानं जाते काय तो? तुमच्या पळण्यापायी आटो बंद केले ना बाप्पा! मौद्याहून आली मी, माहा सांबार सुकून राहिला. उचला हे, चौकापर्यंत चाला, तिथून आटो भेटते."

"मावशी, मी मरून राहिलो!"

"मरसान तं मरसान, पण चौकात पोचल्यावर."

उचललं गाठोडं. मावशी चपला फटफटवत अशी सुटली, की तिला गाठायला मला पळावंच लागलं. वाटभर ती सुनेची गाऱ्हाणी सांगत होती आणि मी धापा टाकत हो-हो करत होतो. चौकात तिने गाठोडं घेतलं, दोन जुड्या माझ्या हातात कोंबल्या आणि आटोत बसून गेली. नावही विचारायचं राहिलं.

उरलेलं अंतर पळून मी शर्यत संपते त्या गेटापाशी पोचलो, सगळ्यांत शेवटी. माईकवाला ओरडला, "और ये आ रहे हैं हमारे आखिरी धावक, सब्जी लेके!" बायको धावत आली. "छातीत कसं वाटतंय हो?"

छाती? इतका वेळ मला तिची आठवणच झाली नव्हती. आणि शेवटचा तुकडा तर मी एकटा आलो होतो. वर्षभरात पहिल्यांदा, एकटा! तिथेच हमसून हमसून रडलो. बायकोला वाटलं, मेडलसाठी.

मी बळ मागत होतो, प्रभूने ओझं दिलं. त्याचे उपकार कोणत्या तोंडाने मानू? भीती पुरती गेली म्हणालो तर ती खोटी साक्ष होईल. अजून येते ती. येऊ दे बापडी. श्वास देणारा तो, परत घेणाराही तोच. मी आपला पुढचा पाय उचलतो.