देठ काढलेले बारा मेंदू

एकदा तरी सरांना आबांसमोर रडताना पाहायचं, असं मी एकोणिसाव्या वर्षी ठरवलं. एवढ्या एका गोष्टीसाठी पाच वर्षं थांबलो. लोक म्हणतात, दिवस गेले की राग निवतो. माझा निवला नाही, आणि तो निवू नये म्हणून मी त्याची चांगली काळजीही घेतली.

आमचं मटणाचं दुकान. आबा म्हणजे माझे वडील. सकाळी त्यांना दुकानात हातभार लावायचा, अंघोळ करायची आणि कॉलेज गाठायचं, असा माझा क्रम. आमच्या गल्लीतून इंटर सायन्सपर्यंत पोचलेला मी पहिलाच. मला डॉक्टर व्हायचं होतं. प्राणिशास्त्र शिकवणारे सर विद्वान, पण नाकानं फार तिखट. मी वर्गात शिरलो की ते बोलता बोलता थांबायचे, खिडकीपाशी जायचे आणि कडी काढायचे. तोंडानं काही म्हणायचे नाहीत. सगळा वर्ग आधी खिडकीकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. मी साबणाची वडी चार दिवसांत संपवायला लागलो, तरी खिडकी उघडायची थांबली नाही.

एवढं असून त्यांना मेंदू लागायचे ते आमच्याच दुकानातले. मुलांनी नुसती चित्रं घोकू नयेत, खरा मेंदू हातात घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. ही त्यांची गोष्ट चांगली होती, हे मी दातओठ खात कबूल करतो. गिऱ्हाइकाला मुंडी देताना आम्ही ती सत्तुरानं मधोमध फोडतो, त्यात मेंदूची शकलं होतात. कॉलेजला तसं चालत नसे. मी मागून, मानेच्या पहिल्या मणक्यापासून सुरुवात करायचो, कवटीचं हाड थोडं थोडं मोडत पुढे जायचो आणि अख्खा मेंदू देठासकट बाहेर काढायचो. फॉर्मालिनच्या बरणीत आठवडाभर राहिला की तो खरवसासारखा घट्ट व्हायचा.

सर तो ट्रेमध्ये पालथा घालून शिकवायचे. सगळ्यात आधी देठ. त्यात वर मध्यमेंदू, मधे आडव्या तंतूंचा फुगीर पूल आणि खाली निमुळती होत मणक्यांत उतरणारी लंबमज्जा. श्वास, छातीचे ठोके, गिळणं, चेहऱ्याची हालचाल, सगळ्याच्या वाटा इथून जातात. मग मेंदू उभा चिरून आतली बाजू दाखवायचे. देठाच्या माथ्याभोवती एक कडं असतं. त्यात समुद्रघोड्यासारखा वळलेला एक पट्टा आणि त्याच्या पुढच्या टोकाला बदामाच्या आकाराची गाठ. आमच्या पुस्तकात या सगळ्याला वासाचा मेंदू म्हटलं होतं आणि सरही तसंच शिकवायचे. 'वास' हा शब्द आला की त्यांची नजर हटकून माझ्या बाकाकडे यायची.

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा होती. सरांनी विषय ठेवला मेंदूचा देठ. बाहेरगावचे परीक्षक येणार होते आणि आम्हा बारा जणांना बारा मेंदू लागणार होते. परीक्षेला बसणाऱ्यानं आधी मेंदूला हात लावायचा नाही, असं सरांनी मला बजावलं. म्हणून ते काम आबांनी अंगावर घेतलं. माझ्याकडून रीत शिकून घेतली आणि एकेक मेंदू असा काढला की मलासुद्धा तसा जमला नसता. बाराही मेंदू दुकानाच्या मागच्या खोलीत बरणीत ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "कॉलेजाचं काम हाय, पावणं. पोराची परीक्षा हाय."

परीक्षेच्या सकाळी मी घरी पुस्तक घेऊन बसलो होतो आणि आबा दुकानात होते. चांगल्या गिऱ्हाइकाला भेजा देताना आम्ही त्याच्यावरचं पातळ कातडं सोलतो आणि खालचं चिवट शेपूट कापून टाकतो. शेपूट ठेवून दिलं तर त्या माणसाचा अपमान केल्यासारखं होतं. परीक्षकांपेक्षा मोठं गिऱ्हाईक कोण? आबांनी बाराही मेंदू हळू हातानं सोलले, शेपटं कापली, परातीत मांडून वर ओलं फडकं घातलं आणि शिपायाच्या हवाली केले. ज्याच्यावर परीक्षा होती तो देठ त्यांनी प्रेमानं कापून टाकला होता.

ट्रेवरची फडकी निघाली आणि सरांचा चेहरा उतरला. परीक्षक हसले. ते हसणं सरांना झोंबलं. हे मीच मुद्दाम करवलं, असं ते धरून चालले आणि शिपायाला पाठवून त्यांनी आबांना बोलावून घेतलं. आबा दुकानात घालायच्या मळक्या बंडीनिशीच धावत आले. प्रयोगशाळेच्या दाराशी वहाणा काढल्या आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, साफ करून दिलंय की. मोठ्या गिऱ्हाइकाला आमी असंच देतो. शेपूट कोण खातंय?"

पोरं खो खो हसली. सरांनी रुमाल नाकाला लावला. "तिथंच थांब. उंबरा ओलांडू नकोस, वास येतो," ते म्हणाले. मग परीक्षकांकडे वळून म्हणाले, "या लोकांच्या हातात सुरीच शोभते. पुस्तक देण्यात काही अर्थ नाही."

"चुकलं, सायेब," आबा म्हणाले. "पर पोराचं कायबी चुकल्यालं न्हाय." आणि ते जिना उतरून गेले. वहाणा दाराशीच राहिल्या. उन्हात पोळत ते अनवाणी घरी गेले, आणि वहाणा मी मागाहून नेल्या.

परीक्षा दुसऱ्या दिवशी चित्रांवर झाली. अकरा जण पास झाले. मी एकही नाव चुकलो नव्हतो, तरी मी नापास. डॉक्टरकी तिथंच संपली. मी दुकानात बसलो. त्याहून वाईट म्हणजे आबांनी कॉलेजचा रस्ताच सोडला. मंडईत जायचं तरी लांबून वळसा घालून जायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "तिकडं लई ऊन लागतंय." त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं आहेत.

मग मी सूड घ्यायला लागलो, मला जमेल तसा. रेशनच्या रांगेत सर दिसले की मी दुकानातून तसाच उठून जायचो आणि बरोबर त्यांच्या पाठीशी उभा राहायचो. रुमाल निघायचा. मी आणखी जवळ सरकायचो. एकदा ते रॉकेल न घेताच घरी गेले, आणि मला दोन दिवस जेवण गोड लागलं. पण हे सगळं पोरखेळ होतं. मला हवं होतं ते आबांसमोर, सरांच्या तोंडून, सरांच्या डोळ्यांतून.

त्या वर्षांत एक डॉक्टर आमचं गिऱ्हाईक झाले. माझं वेड बघून त्यांनी एक नवं पुस्तक वाचायला दिलं. त्यात देठाभोवतीच्या कड्याला लिंबिक संस्था म्हटलं होतं. तिथं वासच नव्हे, भीती, राग आणि आठवणही असते, असं लिहिलं होतं. ते पान मी कितीदा वाचलं याला गणती नाही. सरांना येणारा वास आणि माझा राग एकाच घरात राहत होते. सर अर्धवट शिकवत होते, याचा मला केवढा आनंद झाला!

आणि पाचव्या वर्षी डॉक्टरांनीच बातमी आणली. सरांना झटका आला होता. वाचा गेली, अंग लुळं पडलं, घास उतरेना. ताकद यायला मटणाची अळणी द्या, असं त्यांनी सांगितलं होतं. अळणी म्हणजे मीठमसाल्याशिवायचं उकडीचं पाणी. जन्मात मटणाला न शिवलेलं ते घर. सरांच्या पत्नी पदर डोक्यावरून ओढून आमच्या मागच्या दाराशी आल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? आम्हीच आणून देतो. मी आणि आबा."

आबा यायला तयार नव्हते. मी जवळजवळ ओढतच नेलं. अंघोळ मी मुद्दाम केली नव्हती.

सर खाटेवर पडले होते. वाऱ्यानं त्रास होतो म्हणून खिडकी बंद होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे डबा घेऊन उभ्या असलेल्या आबांकडे, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. ते रडायला लागले. मोठ्यानं, गळा काढून, लहान मुलासारखे. सांगायला लाज वाटत नाही, एवढा आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही. मी हलायलाच तयार नव्हतो.

आबांनी मात्र डबा खाली ठेवला, उंबरा ओलांडला आणि खांद्यावरच्या पंच्यानं सरांचं तोंड पुसलं. "ऱ्हाऊ द्या, सायेब," ते म्हणाले. "चूक आमचीबी हुती की. जाऊ द्या आता." मग त्यांनी चमच्याचमच्यानं अळणी पाजली. प्रत्येक घोट उतरला की नाही, ते गळ्याकडे बघायचे.

निघताना आबा पुढे जाऊन वहाणा घालत होते. सरांच्या पत्नी मला हळूच म्हणाल्या, "त्यांच्या रडण्याचं मनावर घेऊ नका हं. दूधवाला आला तरी असंच होतं. मांजर दिसलं तरी. डॉक्टर म्हणतात, मेंदूच्या देठाला इजा झालीय, म्हणून चेहरा आपोआप रडतो. आत त्यांना काही वाटतंच असं नाही."

देठातून चेहऱ्याच्या वाटा जातात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आतलं कडं शाबूत असेल, त्यांना मी आठवतही असेन, पण ते रडणं माझ्यासाठी होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते या माणसानं मांजरालाही देऊन टाकलं होतं.

बाहेर आबा थांबले होते. चालायला लागले ते सरळ कॉलेजच्या रस्त्यानं. झाडांच्या सावलीतून जाताना म्हणाले, "एवढा शिकल्याला मानूस, मला बघून रडला रं. मन मोठं हाय त्याचं."

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या ओठांवर होतं. ते मी गिळलं.

आबा पुढे रोज त्याच रस्त्यानं मंडईत जात राहिले आणि ते रडणं ज्याला त्याला सांगत राहिले. आपण माफ केलं ते नुसत्या एका बिघडलेल्या देठाला, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते एकट्यानं सांभाळायचं ओझं सर माझ्या गळ्यात बांधून गेले, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.