मांजराची पावलं

सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये नातू टॅबवर जुनं कार्टून बघत होता. चोरपावलांनी चाललेल्या मांजरामागे पियानो वाजला आणि भाजी निवडणारा माझा हात थांबला. ते सूर बाबांचे होते.

बाबा संध्याकाळी हॉटेलात पियानो वाजवत आणि दिवसा कार्टूनला संगीत देत. आधी संगीत व्हायचं, मग चित्रं. एकदा मांजराचा ठेका काही केल्या जमेना, तेव्हा त्यांनी मला चवड्यांवर चालायला लावलं. मी गार फरशीवरून निघाले आणि मध्येच मागे वळले.

"थांबलीस का गं?"

"तुम्ही बघताय ना, ते मी बघत होते."

बाबा हसले. "मग आपलं मांजरही वळून बघेल."

"आजी, सो फनी लाह!" नातू इथल्या इंग्रजीत खिदळला.

पियानो थांबला. मांजराने मागे वळून पाहिलं. मीही.