खाडीकडे पाठ करून उभे असलेले नाखवा

श्री. पोशा धर्मा नाखवा यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते गुडघाभर चिखलात उभे होते आणि शीड उभारलेली एक होडी हातांनी गोल फिरवत होते. खाडीत पाणी नव्हते. ओहोटी पूर्ण झाली होती. होडीत चार माणसे दाटीवाटीने, डोळे मिटून बसली होती. त्यांत आमच्या शाळेचे हेडमास्तरही होते. नाखवा होडी थांबवत, वारा कुठला ते विचारत, आणि चौघे चार दिशांना हात करत.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. मी पनवेलच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच आले होते. गावातल्या हौशी मंडळींनी खाडीवर नौका मंडळ काढले होते. बंदरावरच्या सुताराकडून दोन माणसांच्या तीन लहान शिडाच्या होड्या बांधून घेतल्या होत्या. चालवायला मात्र कोणालाच येत नव्हते. म्हणून मासेमारीच्या होडीवर वाढलेल्या नाखव्यांना मंडळाने शिक्षक नेमले. त्यांनी पहिले दोन महिने एकालाही पाण्यात नेले नाही. वारा आधी चिखलात शिकायचा, हा त्यांचा नियम.

धक्क्यावर मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांना ही मोठीच करमणूक होती. एकीने विचारले, "मास्तर, मुंबयला कवा पोचाल?" हेडमास्तरांनी डोळे न उघडता उत्तर दिले, "भरती आली की."

दुसऱ्या दिवशी मी धक्क्याच्या पायऱ्या उतरले. बाईमाणूस होडीत कशी घ्यायची, यावर वर उभ्या असलेल्या मंडळींत कुजबूज सुरू झाली. नाखव्यांनी माझ्या साडीकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "पदर खोचा, बाय. दोरीत अडकंल." त्यांच्यापुरता प्रश्न तिथे संपला. मग बाकीच्यांचाही संपला.

त्यांची शिकवण थोड्या शब्दांची आहे. वारा ओळखायचा तर कान ओला करायचा. ज्या कानाला गार लागेल तिकडून वारा. पाणी किती आहे ते बगळ्याकडे पाहून ओळखायचे. बगळ्याचे गुडघे बुडाले असतील तर होडी जाईल, कोरडे असतील तर जाणार नाही. आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ सांगितल्याशिवाय कोणी होडीला हात लावायचा नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे आपल्या किनाऱ्यावर पुष्कळांना माहीत आहे. चतुर्थी असेल तर तीन वाजता. नाखवा त्यापुढे जात. तो तास मुंबईचा. आपल्या खाडीत पाणी वळणे घेत येते, तेव्हा त्यात आणखी पाऊण तास धरायचा. ही बेरीज विसरणाऱ्याला ते रागावत नसत. पायरीवर बसवून ठेवत आणि पाणी खरोखर केव्हा चढते ते पाहायला लावत.

त्यांच्या रागाची वाट मी एकदा मनापासून पाहिली होती. शिकायला लागून वर्ष होत आले होते. निष्काळजीपणे बांधलेले सुकाणू माझ्या हातून निसटले आणि खाडीत गेले. मी होडी वल्ह्याने परत आणली, मुकाट्याने बांधली आणि कोणाला न सांगता घरी गेले. सकाळी शाळेत पोहोचले तर सुकाणू फाटकाला टेकवून ठेवलेले होते. धुतलेले, पुसलेले. पहाटेच्या ओहोटीत नाखव्यांनी ते चिखल चाचपून काढले होते. त्याविषयी ते मला आजवर एक अक्षर बोललेले नाहीत. मी मात्र तेव्हापासून गाठ दोनदा तपासते.

अशा माणसाला मंडळाच्या शर्यतीत सुकाणू धरता येत नव्हते. आमच्या नियमावलीत एक कलम होते: होडी चालवणे हा ज्याचा धंदा आहे त्याने शर्यतीत भाग घेऊ नये. मोठ्या शहरांतल्या मंडळांच्या नियमांवरून आम्ही ते उतरवून घेतले होते. आमचे अध्यक्ष आबासाहेब, निवृत्त इंजिनिअर, या कलमाचे कडवे पुरस्कर्ते होते. धंद्याचा माणूस जिंकण्यासाठी काहीही करील, हौशी माणूस खेळेल, असे ते म्हणत. मंडळात कोणी वाद घालत नसे, कारण नाखवा स्वतः काही बोलत नसत. शर्यतीच्या दिवशी ते आमच्या होड्या पाण्यात ढकलत आणि धक्क्यावर जाऊन उभे राहत. त्यांना शर्यतीची हौस नाही, असेच आम्ही सगळे समजत होतो.

माझा समज त्यांच्या घरी दूर झाला, मंडळ निघून आठेक वर्षे झाल्यावर. दोरी मागायला गेले होते. नाखवा बाहेर गेले होते. नाखवीणबाईंनी दोरी काढण्यासाठी माळ्यावर हात घातला, तेव्हा कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेले पांढरे कापड खाली आले. ते शीड होते. नाखव्यांच्या मासेमारीच्या होडीला ते फारच लहान. मी माप ओळखले. मंडळाच्या होडीचे होते. टाके इतके बारीक आणि सारखे की हात फिरवला तर बोटाला लागत नव्हते. नाखवीणबाईंनी ते माझ्या हातून घेऊन पुन्हा घडी केली. "यांनी शिवून सात वरसं झाली," त्या म्हणाल्या. "उंदरांपासून मीच राखतंय."

पुढच्या सभेत मी ते कलम काढण्याची सूचना मांडली. शिडाविषयी बोलले नाही. ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता. आबासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. त्या वर्षी मार्गशीर्षात मुंबईच्या एका मंडळाची होडी शर्यतीला येणार होती. नाखव्यांच्या तालमीतल्या कोणी तिला हरवून दाखवावे, मग आपण स्वतः ते कलम खोडू, असे ते म्हणाले. कलमाचा आणि या अटीचा काय संबंध, हे मला कळले नाही. पण मी हो म्हणाले. नाखव्यांना सांगितले तेव्हा ते जाळे विणत होते. ज्याची शर्यत त्याने करावी, आपली नाही, इतकेच म्हणाले आणि विणत राहिले.

शर्यतीच्या दिवशी चतुर्थी होती. मुंबईची होडी लाँचमागे बांधून आणली होती. चकचकीत, आमच्या होड्यांहून हलकी. माझ्या होडीत जोडीला गणपुले कंपाउंडर होते. धक्क्यापासून निघून मिठागराच्या वळणावर तरंगत ठेवलेल्या लाल पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचे, अशी शर्यत. निघताना वारा समोरून, येताना पाठीमागून.

पावणेतीनला आम्ही सुटलो. मुंबईकरांनी आपल्या तक्त्यात तीनची भरती पाहिली होती. लवकरच ओहोटी लागेल आणि पाणी आपल्याला खाली घेऊन जाईल, या हिशोबाने ते मध्यावर गेले. पाणी तीननंतरही पाऊण तास वर चढणार होते. आम्ही तिवरांच्या झाडीच्या कडेला लागलो, जिथे ओढ कमी असते, आणि लहान लहान वळणे घेत निघालो. मध्यावर मुंबईची सुंदर होडी जोरात पळत होती आणि जागच्या जागी होती. गणपुले हसू लागले. मी त्यांना गप्प केले. लाल पिंपाला आम्ही वळसा घातला तेव्हा ते बरेच मागे होते. शीड पूर्ण सोडले. वारा पाठीत बसला. धक्का दिसू लागला, माणसे दिसू लागली, कोणीतरी ताशा वाजवत होते.

आता ओहोटी लागली होती. उलट्या पाण्यात कडेने यायचे, हे बरोबरच होते. मी फार कडेने आले. समोर बगळा उभा होता. त्याचे गुडघे कोरडे होते. मी ते पाहिले. मध्यावर जायला चार क्षण गेले असते, आणि मला ते द्यायचे नव्हते.

होडी रुतली. धक्का जेमतेम शंभर हातांवर होता. उतरत्या पाण्यात रुतलेली होडी क्षणाक्षणाला जड होते. पाणी गेले की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. होडीतून उतरायला किंवा धक्क्यावरून मदत घ्यायला परवानगी नव्हती. मागून मुंबईची होडी मध्यावरून वर चढत येत होती. मी धक्क्याकडे पाहिले. नाखवा अगदी कडेला उभे होते, शेजारी आबासाहेब. मी हात वर केला. काय करू, इतकेच मला विचारायचे होते. त्यांच्या हाताची एक खूण पुरली असती, आणि कोणाच्या लक्षातही आली नसती.

नाखव्यांनी आमच्याकडे पाठ केली. खाडीकडे पाठ करून ते ताठ उभे राहिले.

मला क्षणभर रडू आले. मग मी कान ओला केला. वारा किंचित उजवीकडे सरकला होता. गणपुल्यांना डाव्या काठावर बसवले, स्वतःही तिकडे झुकले, शीड आत ओढले. होडी कलली, उजवी बाजू उचलली गेली, तळ सुटला. पुन्हा बसला. आम्ही परत झुकलो, इतके की डावा काठ पाण्याला लागला. मग चिखलाने एकदम सोडले आणि आम्ही सुटलो. मुंबईची होडी बरोबरीला आली होती. शेवटचे तीस हात दोन्ही शिडे एकमेकांना घासत आली. धक्क्यावर सगळे ओरडत होते. हेडमास्तरांची टोपी पाण्यात पडली.

आम्ही हातभर अंतराने हरलो.

संध्याकाळी पायऱ्यांवरच सभा भरली. माझी मान वर होत नव्हती. आबासाहेब उठले आणि अट पुरी झाली नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. मग म्हणाले, "बाईंनी हात वर केला तेव्हा मी नाखव्यांच्या शेजारी होतो. त्यांनी पाठ फिरवली. मी विचारलं, का? ते म्हणाले, 'बघत रायलो तर माजा हात हलंल.'" ते पुढे म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो तर ओरडलो असतो. आणि मी हौशी." त्यांनी नियमावली उघडली, खिशातून पेन काढले आणि ते कलम खोडले. नाखवा तेव्हा पायऱ्यांच्या तळाशी मुंबईकरांच्या होडीचा चिखल धूत होते. त्यांना वर बोलवायला मला जावे लागले.

पुढच्या शर्यतीत ते शीड माळ्यावरून उतरले. वारा भरला तेव्हा त्याला एक सुरकुती नव्हती. त्या दिवशी नाखव्यांनी आम्हा सर्वांना असे मागे टाकले की आम्ही लाल पिंपापाशी पोहोचलो तेव्हा ते परतीच्या वाटेवर समोरून येत होते. जवळून जाताना त्यांनी माझ्या शिडाकडे नजर टाकली. दोरी सैल होती. ते काही बोलले नाहीत. शर्यत चालू होती.

आता त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. नेमकी तिथी त्यांना ठाऊक नाही. उधाणाच्या भरतीत जन्म झाला, इतकेच त्यांच्या आईने सांगितले होते. पौर्णिमा धरावी की अमावास्या, यावर त्यांच्या सत्कारासाठी नेमलेल्या गौरव समितीत दोन बैठका गेल्या. शेवटी पौर्णिमा ठरली, कारण त्या दिवशी दुपारची भरती चांगली आहे आणि समारंभाआधी एक शर्यत होऊ शकते.

त्या शर्यतीत मी आहे. इतक्या वर्षांत मी नाखव्यांना एकदाही हरवलेले नाही. एकदा होडीभर अंतरापर्यंत आले होते, तेवढेच. एक दिवस मला त्यांना हरवायचे आहे, तेही त्यांची नजर आज आहे तितकीच तीक्ष्ण आणि हात आज आहे तितकाच बळकट असताना. माझी प्रगती पाहता याला फार वर्षे लागतील. तेवढी सगळी त्यांना मिळोत.