दुधीचा मार

शेगाव स्टेशनबाहेर गरम कचोरीचा वास आला की मला आईचा उगारलेला हात आठवतो. हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी वडिलांना वजन उतरवायला सांगितलं होतं. ते रोज सकाळी घामाघूम होईस्तोवर चालायचे, पण पोट काही उतरेना. एकदा आई आणि मी त्यांच्यासाठीच दुधी घेऊन बाजारातून येत होतो, तर ते कचोरीच्या कढईपाशी उभे, बोटं तेलानं माखलेली. "अवं, एवढं चालून आलो, जिरून जाते ना," ते हसले. आईनं हातातला दुधी त्यांच्या पाठीवर हाणला, तो तुटला तरी हाणत राहिली, मग कॉलर धरून अशी थोबाडीत दिली की ओठ फुटून कचोरीवर रक्त ठिबकलं. जन्मभर 'अहो' म्हणणारी ती ओरडली, "मराचंच हाय तं घरी मर, माह्या हातानं मर!" वडिलांनी हात वर केला नाही. दुपारी त्याच दुधीची अळणी भाजी त्यांनी सुजल्या ओठांनी निमूट खाल्ली. आता डॉक्टरांनी मलाही चालायला लावलंय. आई राहिली नाही, तरी परतताना त्या कढईपाशी पाय रेंगाळले की माझा हात आपोआप गालावर जातो.